मेडिकल कोडिंगचा अभ्यास कसा करावा? जावेला शिकवताना मी शिकलेल्या काही सवयी



आज जरा वेगळ्या विषयावर लिहितेय. तुम्ही म्हणाल, तिसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईंचा आणि मेडिकल कोडिंगचा काय संबंध? संबंध असा, की माझ्या धाकट्या जावेने हा अभ्यास केला. अभ्यासाची पद्धत तिला मी सांगितली, आणि त्या पद्धतीमुळे ती पहिल्या वेळी नापास झाली. हे कबूल करायला मला बरेच दिवस लागले. पण ती चूक फक्त तिच्या अभ्यासातली नव्हती, ती माझ्या वर्गातही रोज होत होती. म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आधी मेडिकल कोडिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. अमेरिकेत रुग्ण दवाखान्यात गेला की त्याचे पैसे बहुतेक वेळा विमा कंपनीकडून येतात. डॉक्टरांनी लिहिलेली नोंद वाचून रुग्णाला काय झालं होतं आणि त्याच्यावर काय उपचार केले, हे ठरलेल्या संकेतांकांत लिहावं लागतं. हे काम कोडर करतो. आजारासाठी आयसीडी-१०-सीएम, उपचारासाठी सीपीटी आणि साहित्य, औषधं, रुग्णवाहिका वगैरेंसाठी एचसीपीसीएस अशी तीन जाडजूड पुस्तकं असतात. एकट्या आयसीडीत सत्तर हजारांहून जास्त संकेतांक आहेत. नोंदी इंग्रजीत आणि काम संगणकावरचं, त्यामुळे पुणे, मुंबई, चेन्नई, हैदराबाद अशा शहरांतून हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं. जीवशास्त्राची पदवी असलेली बरीच मुलंमुली आता इकडे वळतात.

माझी जाऊ बीएस्सी झालेली आहे. लग्नानंतर अकरा वर्षं पुस्तक हातात धरलं नव्हतं. दिरांचं दुकान चालेनासं झालं, तेव्हा तिने दोन वर्षांच्या भिशीचे पैसे घालून क्लास लावला, पुस्तकं घेतली, परीक्षेची फी भरली. घरात कुणी काही बोललं नाही, पण पैसे किती गेले हे सगळ्यांना माहीत होतं. सासूबाईंनी सकाळच्या भाकरी स्वतःकडे घेतल्या आणि म्हणाल्या, "तू बस अभ्यासाला."

ती माझ्याकडे आली. "ताई, तुम्ही डीएड केलंय, मला अभ्यास कसा करायचा ते सांगा."

मग काय, मी कामाला लागले! कार्डशीट आणली, स्केचपेन आणले, ठळक अक्षरांत तक्ते केले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावले. यादी कुणाच्या तरी जुन्या वहीतून मिळाली होती. पोळ्या लाटताना मी पाढे घ्यावेत तसं विचारायची. "मधुमेह?" "ई११.९!" "रक्तदाब?" "आय१०!" "खोकला?" "आर०५!" पाचवीतली माझी मुलगीही तिच्याबरोबर म्हणायला लागली. आम्ही तिघी खूश. चार महिन्यांत चारशेच्या वर संकेतांक तोंडपाठ झाले.

परीक्षेला शंभर प्रश्न असतात, वेळ चार तास, उत्तीर्ण व्हायला सत्तर टक्के लागतात. तिला एकसष्ट मिळाले. सतरा प्रश्न तर तिने वाचलेच नव्हते. वेळच उरला नाही. त्या रात्री भांडी घासताना ती एवढंच म्हणाली, "ताई, मला डोकंच नाही बहुतेक."

हे वाक्य आपण वर्गात किती वेळा ऐकतो! "बाई, मला येतच नाही." आणि प्रत्येक वेळी दोष मुलाच्या डोक्याचा आहे असं आपणही मनातल्या मनात धरून चालतो.

कुठे चुकलं?

दोन दिवसांनी आम्ही दोघी तिचं नवं पुस्तक घेऊन बसलो. तोपर्यंत मी ते उघडूनही पाहिलं नव्हतं. पहिलाच धक्का खोकल्याचा बसला. आर०५ हा संकेतांक आता एकटा चालतच नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून त्याचे भाग झाले आहेत, म्हणजे अचानक सुरू झालेला खोकला वेगळा, जुनाट खोकला वेगळा, काहीच लिहिलेलं नसेल तर आर०५.९. आयसीडीत दरवर्षी १ ऑक्टोबरला बदल होतात, सीपीटीत १ जानेवारीला. मी भिंतीवर कौतुकाने लावलेला तक्ता शिळा होता.

दुसरा धक्का त्याहून मोठा होता. सरावाच्या एका नोंदीत रुग्णाला मधुमेह, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा जुनाट आजार असे तिन्ही होते. तिने पाठ असल्याप्रमाणे लगेच ई११.९ आणि आय१० लिहिलं. दोन्ही चूक! ई११.९ म्हणजे कुठलीही गुंतागुंत नसलेला मधुमेह. मूत्रपिंडाचा आजार सोबत असेल, तर डॉक्टरांनी "संबंध नाही" असं स्पष्ट लिहिलेलं नसल्यास तो मधुमेहाशी आणि रक्तदाबाशी जोडलेला धरायचा, असा नियम आहे. म्हणून ई११.२२, आय१२.९ आणि आजार कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगणारा एन१८ मधला संकेतांक. आम्ही सगळ्यात जास्त घोकलेले दोन संकेतांक इथे एकदाही लागत नव्हते.

आणि गंमत पाहा, ही परीक्षा पुस्तक उघडून द्यायची असते. तिन्ही पुस्तकं जवळ ठेवायला परवानगी आहे. म्हणजे पाठांतराची परीक्षाच नव्हती ती. योग्य जागी पोहोचता येतं का आणि तिथलं शेवटपर्यंत वाचता येतं का, एवढंच त्यात पाहतात. माझी जाऊ आधी आठवायची, मग शंका यायची, मग पुस्तक उघडायची, आणि पुस्तकात शोधायची सवय नसल्याने गोंधळायची. त्यातच वेळ गेला.

मी तक्ते काढून टाकले. नंतरच्या चार महिन्यांत आम्ही ज्या सवयी लावल्या, त्या खाली देते. तुमच्या घरी कुणी हा अभ्यास करत असेल तर उपयोग होईल.

१. शब्द फोडून वाचणे

वैद्यकीय शब्द लांबलचक दिसतात, पण ते तुकड्यांचे बनलेले असतात. आपण उपसर्ग-प्रत्यय शिकवतो तसेच. शेवटी "आयटिस" असेल तर दाह. अपेंडिसायटिसला मराठीत आंत्रपुच्छदाह म्हणतातच. "गॅस्ट्रो" जठर, "हेपॅटो" यकृत, "नेफ्रो" मूत्रपिंड. असे तुकडे रोज दहा घ्यायचे, आणि सुटे नाही, तर शब्दात बसवून.

सगळ्यात घोटाळा होतो तो सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांत. मोठ्या आतड्याची कोलेक्टमी म्हणजे आतडं किंवा त्याचा भाग काढणे, कोलोटमी म्हणजे चीर देणे आणि कोलोस्टमी म्हणजे पोटावर आतड्याचं तोंड उघडणे. उच्चारात थोडाच फरक, शस्त्रक्रिया तीन वेगळ्या. तिला हे पटेना, तेव्हा मी फळ्यावर लिहितो तसं "शिर" आणि "शीर" लिहून दाखवलं. एक डोकं, एक रक्तवाहिनी. वेलांटी बदलली की अवयव बदलला! ती हसली आणि म्हणाली, "आता नाही विसरणार." इंग्रजीत लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचं हाड यांच्या नावांतही असाच एका अक्षराचा फरक आहे. एकात मध्ये ई, दुसऱ्यात आय.

२. सूचीतून सुरुवात, पण खात्री आतल्या पानावर

आयसीडीत पुढे अकारविल्हे सूची असते आणि मग मुख्य यादी. सूचीत शोधायचं ते अवयवाच्या नावाने नाही, तर आजाराच्या नावाने. छातीत दुखतंय तर "दुखणे" या शब्दाखाली छाती. मनगटाजवळ हाड मोडलं तर "फ्रॅक्चर" खाली ते हाड. सूचीत संकेतांक दिसला की तो तसाच लिहायचा मोह होतो. तिथेच थांबायचं. मुख्य यादीतलं पान उघडायचं, वरच्या सूचना वाचायच्या आणि मगच लिहायचं.

आम्ही एक नियम केला. उत्तर पाठ असलं तरी पुस्तक उघडायचंच. सुरुवातीला एका नोंदीला सहा-सात मिनिटं लागायची. ती वैतागायची. पण दीड महिन्यात बोटं आपोआप योग्य पानावर जायला लागली. पुस्तकात पट्ट्या चिकटवायला आणि कामाशी संबंधित टिपा हाताने लिहायला परवानगी असते. त्या पट्ट्या मी लावून दिल्या नाहीत, तिलाच लावायला सांगितल्या. स्वतः लावली की ती जागा लक्षात राहते.

३. शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणे

इथे मला आपली स्थानिक किंमत कामी आली. संकेतांकातल्या प्रत्येक स्थानाला अर्थ असतो. एस५२.५०१ए घ्या. एस५२ म्हणजे कोपराखालच्या हातातल्या हाडाचं फ्रॅक्चर, पुढचे पाच आणि शून्य सांगतात की रेडियस हाडाचं खालचं टोक मोडलंय पण प्रकार लिहिलेला नाही, एक म्हणजे उजवा हात. डावा असता तर तिथे दोन आला असता. आणि सातव्या स्थानावरचा "ए" म्हणजे त्वचा न फाटलेलं फ्रॅक्चर आणि प्रत्यक्ष उपचार चालू आहेत.

या "ए"ला पुस्तकात "इनिशियल" म्हटलंय, म्हणून ती "पहिली भेट" असंच समजत होती. तसं नाही. रुग्ण दुसऱ्यांदा आला तरी मूळ उपचार चालू असतील तर "ए"च. हाड नीट जुळत असताना नुसतं तपासायला आला तर "डी".

मूल झोपाळ्यावरून पडलं, तर कारण सांगणारा संकेतांक वेगळा लिहिता येतो. डब्ल्यू०९.१एक्सएक्सए. त्यातले दोन "एक्स" कशाला, ते तिला समजेना. मी विचारलं, "२०५ मध्ये शून्य कशाला असतो?" "दशकाची जागा धरून ठेवायला." "मग हे तेच." सातवं अक्षर सातव्याच जागी पडावं म्हणून मधल्या जागा धरून ठेवायच्या. हा कारणाचा संकेतांक कधीही पहिला लिहायचा नाही. आधी इजा, मग कारण.

सीपीटीत तर विरामचिन्ह महत्त्वाचं! अर्धविरामाच्या आधीचा मजकूर खाली आत सरकवलेल्या ओळींनाही लागू असतो. अर्धविराम न पाहता खालची ओळ वाचली तर अर्धीच क्रिया कळते. आपण मुलांना अर्धविराम शिकवतो आणि मनात म्हणतो, वापरतंय कोण? इथे वापरतात.

४. नियम आधी, आणि आपल्या भाषेत

आयसीडीच्या पुस्तकासोबत अधिकृत मार्गदर्शक नियम असतात. ते कंटाळवाणे वाटतात म्हणून बरेच जण सोडून देतात. आम्ही रोज फक्त पंधरा मिनिटं ठेवली. तिने एक नियम वाचायचा आणि रात्री मला मराठीत समजावून सांगायचा. मी मुद्दाम वर्गातल्या मुलासारखे प्रश्न विचारायची.

उदाहरणार्थ, बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांनी "खोकला, न्यूमोनियाची शक्यता" असं लिहिलं तर न्यूमोनियाचा संकेतांक द्यायचा नाही, खोकल्याचाच द्यायचा. मी विचारलं, "का बरं?" ती म्हणाली, "शक्यता म्हणजे खात्री नाही. उगाच कुणाच्या नावावर आजार लिहायचा का?" पण रुग्ण रुग्णालयात दाखल होता आणि घरी सोडतानाही "शक्यता" असंच लिहिलं असेल, तर तो आजार असल्यासारखा संकेतांक देतात. तसंच "एक्सक्लूड्स वन" आणि "एक्सक्लूड्स टू" या सूचना. पहिलीचा अर्थ, हे दोन सहसा एकत्र लिहायचे नाहीत. दुसरीचा अर्थ, हा आजार या संकेतांकात येत नाही, पण रुग्णाला दोन्ही असतील तर दोन्ही लिहिता येतात. जे तिला मराठीत सांगता आलं नाही, ते तिला समजलेलं नव्हतं. ही परीक्षा मला फार उपयोगी वाटली.

५. चुकांची वही

शंभर पानी वही केली. चुकलेल्या उत्तरासमोर बरोबर संकेतांक लिहायचा नाही, असा नियम. लिहायचं ते चुकण्याचं कारण. शब्द कळला नाही, नोंद नीट वाचली नाही, नियम माहीत नव्हता, की घाई झाली? पहिल्या महिन्यातल्या बावन्न चुकांपैकी सत्तावीस निघाल्या नोंद नीट न वाचल्याच्या. उजवा-डावा, जुना-नवा, "नाही" हा शब्द निसटणे. म्हणजे डोकं नसण्याचा प्रश्नच नव्हता! ते पान पाहून ती बराच वेळ गप्प बसली होती. मला वाटतं, त्या दिवशी ती खरी सावरली.

६. थोडं पण रोज, आणि घड्याळ शेवटी

पहाटे पाऊण तास आणि रात्री अर्धा तास, एवढाच अभ्यास. रविवारी चार तास बसायचा तिचा बेत मी मोडला. आज केलेलं प्रकरण तीन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने थोडं थोडं करायचं. एकाच प्रकरणाचे वीस प्रश्न सोडवण्यापेक्षा पाच प्रकरणांचे चार-चार घ्यायचे, कारण कुठल्या प्रकरणात जायचं हे परीक्षेत कुणी सांगत नाही.

घड्याळ लावलं ते शेवटच्या तीन आठवड्यांत. चार तासांत शंभर प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला २ मिनिटं २४ सेकंद. लांबलचक नोंदीचा प्रश्न आला की खूण करून पुढे जायचं आणि शेवटी परत यायचं. वेग आधी आणायला गेलं की वाचन बिघडतं. शुद्ध वाचन जमलं की वेग येतो. पहिलीच्या मुलाला आपण हेच सांगतो ना?

निकाल

दुसऱ्या वेळी तिला एकोणऐंशी मिळाले. अनुभव नसलेल्यांच्या पदवीपुढे आधी "ए" अक्षर लागतं, म्हणजे शिकाऊ. ते काढायला अजून काम करावं लागेल. नोकरीही लगेच मिळाली नाही. तीन ठिकाणी "अनुभव हवा" म्हणून नकार आला, चौथ्या ठिकाणी मिळाली. पगार सध्या बेताचा आहे. पण पहिल्या पगारातून तिने सासूबाईंना साडी घेतली आणि माझ्यासाठी स्केचपेनचा डबा आणला. "ताई, तक्त्यांसाठी," म्हणाली आणि हसली. मी काय समजायचं ते समजले.

आणि माझा वर्ग

आता मूळ मुद्द्यावर येते. त्या चार महिन्यांत मी माझ्या तिसरीच्या मुलांकडे पाहायला लागले. गणिताच्या शाब्दिक उदाहरणात "एकूण" शब्द दिसला की मुलं बेरीज करून मोकळी. "एकूण २४ आंबे होते, ९ वाटले, किती उरले?" यातही बेरीज! हेही ई११.९ च. ओळखीचा शब्द दिसला, पाठ असलेलं उत्तर आलं, पुढचं वाचलंच नाही. आणि ही सवय लावणारी मीच होते. "एकूण म्हणजे अधिक" असा तक्ता माझ्याच वर्गात लावलेला होता.

तो तक्ता मी काढला. आता मी तीन साध्या गोष्टी करते. एक, पुस्तकातला कुठलाही धडा काढायचा तर पानक्रमांक सांगत नाही, अनुक्रमणिकेतून शोधायला लावते. दर शनिवारी शब्दकोशात शब्द शोधायचा खेळ असतो. दोन, प्रत्येक मुलाची चुकांची वही आहे आणि त्यात उत्तर नाही, कारण लिहायचं. तीन, उदाहरण सोडवण्याआधी ते आपल्या शब्दांत शेजाऱ्याला सांगायचं. वेळ जातो, अभ्यासक्रम मागे पडेल अशी भीती वाटते, पण मुलं आता प्रश्न पूर्ण वाचतात.

पाठांतर वाईट असं मी म्हणत नाही. पाढे हवेतच, बाराखडी हवीच. माझी जाऊसुद्धा शब्दांचे तुकडे पाठच करते. पण जे दरवर्षी बदलतं आणि जे पुस्तकात पाहता येतं, ते डोक्यात कोंबण्यापेक्षा ते कुठे सापडेल आणि सापडल्यावर कसं वाचायचं, हे शिकणं जास्त मोलाचं आहे.

मागच्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीच्या वहीत मी एक ओळ वाचली. वजाबाकी चुकली होती आणि कारणापुढे तिने लिहिलं होतं, "मी शेवटची ओळ वाचली नाही." आधी ती "मला गणित येत नाही" असं म्हणायची. पालकहो, तुमच्या मुलाचं उत्तर चुकलं तर आज त्याला एवढंच विचारा, "कुठे चुकलं असेल, शोधूया का?" आणि त्याच्या शेजारी बसा. बरोबर उत्तर मात्र लगेच सांगू नका.